उजवी जवनिका नीट दिसली नाही: इकोच्या नोंदींतून संशोधनाचा तक्ता करताना

सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयवांचं काम बिघडणं, होऊन आयसीयूत आलेल्या रुग्णाला शिरेतून किती द्रव द्यायचं, हा प्रश्न रोजचाच. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला की सगळ्यांचं लक्ष आधी डाव्या जवनिकेकडे, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याकडे, जातं. फुप्फुसांकडे रक्त ढकलणारी उजवी जवनिका पातळ भिंतीची. फुप्फुसांतला दाब वाढला की ती लवकर फुगते आणि फुगली की मधला पडदा डावीकडे ढकलून डावीचंही काम बिघडवते. अशा वेळी आणखी द्रव ओतलं तर रक्तदाब सुधारण्याऐवजी ढासळू शकतो. आम्हाला एवढंच पाहायचं होतं: सेप्सिसच्या ज्या रुग्णांची उजवी जवनिका कमजोर आहे, त्यांना पहिल्या काही तासांत दिलेलं द्रव कितपत सोसतं?

आम्ही तिघं होतो. मी आयसीयूचा डॉक्टर, जोडीला एक प्रोग्रामर, आणि हृदयरोगतज्ज्ञ मॅडम. त्यांनी आयुष्यभर हातात प्रोब धरलेला. प्रश्न माझा होता, कोड त्याचा. त्यातली चूक मात्र मॅडमनी पकडली, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या चुकीचंच आहे.

साहित्य

माहिती घेतली ती मिमिक-३ या खुल्या संचातून. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरमधल्या २००१ ते २०१२ या काळातल्या आयसीयू रुग्णांची ही माहिती ओळख पुसून संशोधकांना दिली जाते. ४६,५२० रुग्ण, आयसीयूतले ६१,५३२ मुक्काम. आकड्यांचे तक्ते आहेतच, शिवाय डॉक्टर-नर्सनी लिहिलेल्या २० लाखांहून जास्त नोंदी आहेत. त्यांत ‘इको’ या प्रकाराखाली ४५,७९४ नोंदी सापडतात. याच संस्थेचा नंतरचा संच, मिमिक-४, याच्या नोंदींच्या भागात डिस्चार्ज आणि रेडिओलॉजीचा मजकूर आहे, इकोचा नाही. आम्हाला इकोचा मजकूर हवा होता, त्यामुळे मिमिक-३ कडे वळलो.

हे काम आधी कुणीच केलेलं नाही असं मुळीच नाही. ४३,४७२ इको-नोंदींवरून केलेला एक आकड्यांचा संच फिजिओनेट या वैद्यकीय माहितीच्या संकेतस्थळावर आहे. कप्प्यांचा आकार, भिंतींची जाडी, झडपांची गळती, फुप्फुसांच्या धमनीतला दाब असं बरंच काही त्यात ओळीने मांडलेलं आहे. नव्याने या वाटेला येणाऱ्याने आधी तो उघडून पाहावा. आम्हाला एकाच कप्प्याबद्दल, आणि तेही वेळेच्या हिशेबासकट, बारकाईने जाणून घ्यायचं होतं. म्हणून मूळ मजकुरात हात घातला.

एक गोष्ट आधीच सांगतो. या नोंदी वापरण्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करून करारावर सही करावी लागते. मजकूर बाहेरच्या कुणालाही देता येत नाही, आणि ऑनलाइन एआय सेवेत तो परस्पर चिकटवणंही त्यातच आलं. खाली जी वाक्यं येतील ती अशा अहवालांच्या ठरावीक साच्यातली आहेत. कुठल्याही एका रुग्णाची नोंद मी इथे उतरवलेली नाही.

नोंद दिसते कशी

वर माहितीचा भाग: तपासणी का केली, उंची इंचांत, वजन पौंडांत, रक्तदाब, नाडी, रुग्ण दाखल आहे की बाहेरून आलेला, तपासणी छातीवरून की अन्ननलिकेतून, प्रतिमेचा दर्जा कसा. मग ‘फाइंडिंग्ज’: डावी कर्णिका, उजवी कर्णिका (हे वरचे कप्पे), डावी जवनिका, उजवी जवनिका, एकेक झडप, हृदयावरणातलं पाणी. शेवटी ‘कन्क्लूजन्स’, म्हणजे तेच सगळं सलग वाक्यांत.

साचा ठरलेला असल्यामुळे काम सोपं वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते सोपं असतंही. ‘उजव्या जवनिकेचा आकार आणि मोकळ्या भिंतीची हालचाल नॉर्मल’ हे वाक्य त्याच शब्दांत हजारो वेळा येतं. रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातला ठरावीक साचा शोधणाऱ्या सूत्राने, ते सहज पकडता येतं. पण एवढ्याशा वाक्यातही दोन गोष्टी आहेत: आकार एक, हालचाल दुसरी. पहिल्या दिवशी आम्ही दोन्हींना मिळून एकच रकाना दिला होता. कप्पा मोठा झालाय पण आकुंचन अजून चांगलं आहे, असा रुग्ण त्यात बसेना. मग रकाने दोन केले. किरकोळ वाटणारी ही दुरुस्ती पुढे फार उपयोगी पडली.

चूक

पहिला पूर्ण तक्ता आला तेव्हा तो देखणा होता. प्रत्येक रुग्णासमोर आकडा: ० म्हणजे नॉर्मल, १ सौम्य, २ मध्यम, ३ तीव्र. एकही रकाना मोकळा नाही. मला त्याचंच समाधान वाटलं होतं.

मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “नॉर्मल असलेल्यांपैकी व्हेंटिलेटरवर किती जण आहेत?”

प्रोग्रामरने मोजून दाखवलं. भरपूर होते. रक्तदाब टिकवायला दोन-दोन औषधं चालू असलेलेही त्यात होते.

“यांच्यातल्या कुणाच्याही नोंदी काढ. आकडा नको, मजकूर दाखव.”

तिसरी की चौथी नोंद असेल. ‘प्रतिमेचा दर्जा: असमाधानकारक’. डाव्या जवनिकेवर अडीच ओळी. उजव्या जवनिकेसमोर फक्त ‘नीट दिसली नाही’. शेवटच्या भागात उजव्या जवनिकेचा उल्लेखच नाही. आणि आमच्या तक्त्यात त्या रुग्णापुढे ०.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बिघाडाचा शब्द सापडला नाही की प्रोग्राम तो रकाना मोकळा सोडत होता, आणि पुढच्या एका ओळीत सगळ्या मोकळ्या रकान्यांत शून्य भरलं जात होतं. त्यामागे तर्क असा की डॉक्टर बिघाड दिसला तर लिहितातच, लिहिला नाही म्हणजे नसावा. प्रयोगशाळेच्या काही अहवालांना हा तर्क चालतोही. इकोला चालत नाही.

मॅडमनी मग समजावलं ते मी इथे जमेल तसं मांडतो. उजवी जवनिका छातीच्या मधल्या हाडामागे, डावीला चंद्रकोरीसारखी कवटाळून असते. एका चौकटीत ती पूर्ण मावत नाही. ती नीट पाहायची तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावं लागतं, श्वास थोडा रोखायला सांगावा लागतो. आयसीयूतला बेशुद्ध रुग्ण उताणा, अंगावर नळ्या, छातीवर पट्ट्या. त्यातून व्हेंटिलेटरच्या दाबाने फुप्फुसं फुगलेली, आणि हवेतून अल्ट्रासाउंडच्या लहरी पुढे जात नाहीत. म्हणजे ज्याचं फुप्फुस सगळ्यात बिघडलंय, ज्याला सगळ्यात जास्त दाबाने श्वास द्यावा लागतोय, त्याचीच उजवी जवनिका न दिसण्याची शक्यता जास्त. आणि फुप्फुसाच्या बिघाडाचा आणि त्या दाबाचा मार सगळ्यात आधी बसतो तोही याच कप्प्याला.

आम्ही अशा रुग्णांना ‘निरोगी’ म्हणून मोजत होतो. सगळ्यात आजारी माणसं नॉर्मलच्या गटात जाऊन बसली होती. त्या तक्त्यावरून निष्कर्ष काढला असता तर उजवी जवनिका चांगली असूनही माणसं दगावतात असं दिसलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. ही चूक प्रोग्रामची म्हणता येणार नाही. शून्य भरायला मीच सांगितलं होतं.

मौनाचे प्रकार

त्या आठवड्यात आम्ही कोड बाजूला ठेवला आणि काहीशे नोंदी हाताने वाचल्या. डोळ्यात तेल घालून वाचणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. एखाद्या नोंदीत बिघाड लिहिलेला नसतो तेव्हा तो का नसतो, हे शोधायचं होतं. उत्तरं चार प्रकारची आली.

पहिला प्रकार: पाहिली, नॉर्मल आहे, आणि तसं लिहिलंय. दुसरा: पाहायचा प्रयत्न केला, दिसली नाही, तसं लिहिलंय. तिसरा: पाहिली की नाही याचा पत्ताच नाही, कारण ती तपासणी एकाच प्रश्नासाठी होती, जसं हृदयावरणात पाणी आहे का, आणि बाकीचं मुद्दामच गाळलं. चौथा सगळ्यात अवघड: अर्धवट दिसली आणि डॉक्टरांनी सावधपणे लिहिलं. ‘मर्यादित चौकटींमध्ये हालचाल बरी वाटते’, ‘स्थानिक बिघाड पूर्णपणे नाकारता येत नाही’. अशी वाक्यं लिहिणारा माणूस प्रामाणिक असतो. त्याने जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं. ती सावधगिरी पुसून ‘नॉर्मल’ असा शिक्का मारणं म्हणजे त्याच्या तोंडी त्याने न म्हटलेलं घालणं.

म्हणून प्रत्येक कप्प्याला दोन रकाने दिले. एकात मूल्य, दुसऱ्यात खात्री: स्पष्ट दिसलं, अर्धवट दिसलं, दिसलं नाही, उल्लेख नाही. मूल्याचा रकाना मोकळा राहिला तरी चालेल, खात्रीचा कधीच मोकळा राहणार नाही, असा नियम केला. तक्ता पहिल्यासारखा देखणा राहिला नाही. विश्वासाचा मात्र झाला.

याच वाचनात आणखी एक गफलत सापडली, आणि ती मला आजही अस्वस्थ करते. ओळख पुसताना या संचात नावं-तारखा काढून त्या जागी चौकोनी कंस आणि चांदण्यांमध्ये खुणा घातलेल्या आहेत. मजकूर स्वच्छ करण्यासाठी आम्ही चौकोनी कंसातलं सगळंच उडवत होतो. पण अहवालाच्या साच्यात डॉक्टरांचा एक महत्त्वाचा इशाराही चौकोनी कंसातच येतो: झडपेची गळती एवढी आहे की जवनिकेची मूळ ताकद दिसतेय त्याहून कमी असण्याची शक्यता आहे. कारण सरळ आहे. झडप गळत असली की रक्त सोप्या वाटेने मागे जातं, आकुंचन जोरदार दिसतं, पण स्नायू दमलेला असतो. अहवालातलं सगळ्यात शहाणं वाक्य आमच्या साफसफाईत केराच्या टोपलीत जात होतं. आता फक्त चांदणीवाले कंस काढतो आणि हा इशारा खात्रीच्या रकान्याशेजारी वेगळा नोंदवतो.

आकडे जिथे फसवतात

शब्दांपेक्षा आकडे भरवशाचे असतील अशी आमची समजूत होती. ती फार टिकली नाही.

‘एलव्हीईएफ ५५ टक्क्यांहून जास्त’ हे वाक्य घ्या. एलव्हीईएफ, किंवा नुसतं ईएफ, म्हणजे डावी जवनिका दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा. प्रोग्रामने ५५ उचलले. पण ही मोजणी नाही, उंबरठा आहे. ५६ असो की ७०, लिहायची पद्धत तीच. हे ५५ खरोखर मोजलेल्या ५५ मध्ये मिसळले की सरासरी काढण्यात अर्थ उरत नाही. काही नोंदींत मापापुढे नॉर्मलची मर्यादाही छापलेली असते: रुग्णाचा आकडा ४५ आणि लगेच ‘नॉर्मल ५५ किंवा जास्त’. शोध थोडा ढिला असला की दुसराच आकडा हाती येतो आणि आजारी माणूस कागदावर बरा होतो. ‘२० ते २५ टक्के’ असं लिहिलं असेल तर दोन्ही टोकं ठेवायची की मधला आकडा? आम्ही दोन्ही टोकं ठेवली. मधला कधीही काढता येतो, मूळ टोकं पुसली की परत मिळत नाहीत.

मग तुलना. ‘आधीच्या तपासणीत ईएफ २० टक्के होता, आता सुधारला आहे.’ यातले २० आजचे नाहीत. तुलनेची वाक्यं ओळखून ती वेगळी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फुप्फुसांच्या धमनीतल्या दाबाचा घोळ याहून सूक्ष्म आहे. उजवी कर्णिका आणि उजवी जवनिका यांच्यामधल्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात, की दोन कप्प्यांतला दाबफरक मिळतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर फरक ३६ मिलिमीटर पारा. पण धमनीतला दाब हवा असेल तर त्यात उजव्या कर्णिकेतला दाब मिळवावा लागतो. अहवालात कधी नुसता फरक असतो, कधी मिळवलेली बेरीज, आणि शब्द जवळजवळ सारखे. शिवाय कर्णिकेतला दाब महाशिरेच्या जाडीवरून अंदाजाने काढतात, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात तो अंदाज डळमळीत असतो. म्हणून आम्ही नुसता फरक ठेवला आणि बेरीज टाळली.

‘नाही’ हा शब्द कुठपर्यंत लागू होतो हाही एक प्रश्न. ‘एओर्टिक झडप (डाव्या जवनिकेतून रक्त बाहेर पडतं तिथली) अरुंद नाही. किंचित गळती.’ पूर्णविराम हरवला की नकार दोन्हींना चिकटतो. नकार ओळखायच्या तयार पद्धती २००१ पासून उपलब्ध आहेत आणि त्या चांगल्या चालतात, पण आपल्या मजकुरावर तपासून घ्याव्याच लागतात. आमच्या प्रोग्रामरला एक दिवस घालवावा लागला तो एका वेगळ्याच कारणाने. त्याने सगळा मजकूर लहान अक्षरांत बदलून घेतला होता. एओर्टिक झडप अरुंद होण्याचं संक्षिप्त रूप ‘एएस’, आणि लहान अक्षरांत तेच इंग्रजीतलं रोजचं ‘ॲज’ बनतं. पानोपानी एओर्टिक झडपा अरुंद झाल्या!

वेळ

मिमिक-३ मध्ये इकोच्या नोंदीला तक्त्यात तारीख असते, पण वेळेचा रकाना रिकामा असतो. वेळ मजकुराच्या वरच्या भागात लिहिलेली असते, ती तिथून काढावी लागते. आमच्यासाठी हा कळीचा मुद्दा होता. द्रव देण्याआधीचा इको आणि दहा लिटर दिल्यानंतरचा इको हे एकाच रुग्णाचे असले तरी सांगतात वेगळं. दुसरं म्हणजे संच आयसीयूचा असला तरी प्रत्येक इको आयसीयूतला नाही. बाहेरून येऊन केलेली जुनी तपासणीही त्यात आहे. रुग्ण दाखल होता की नव्हता हे पाहूनच ओळ घ्यावी.

खरं वर्ष मात्र कळत नाही. ओळख लपवण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या तारखा वेगवेगळ्या अंतराने भविष्यात सरकवलेल्या आहेत. एकाच रुग्णाच्या दोन तपासण्यांमधलं अंतर तेवढं खरं राहतं. ही पुसापुशी किती दूरवर पोचते याचं एक उदाहरण नोंदींच्या तळाशी दिसतं. हृदयाच्या आतल्या संसर्गापासून बचावाबद्दलच्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशी २००७ मध्ये बदलल्या. अहवालात त्या वर्षाचा उल्लेख येतो, आणि यंत्राने त्यालाही रुग्णाची तारीख समजून पुढच्या शतकात नेऊन ठेवलंय. रुग्ण कोणत्या नोंदप्रणालीत आहे यावरून काळाचा ढोबळ अंदाज येतो: जुनी प्रणाली २००८ पर्यंत, नवी त्यानंतर. त्याहून बारीक काही मिळत नाही.

याच कारणाने डाव्या जवनिकेच्या शिथिलतेचा, म्हणजे डायास्टोलिक कार्याचा, रकाना आम्ही पूर्ण सोडून दिला. त्याची प्रतवारी कशी करायची याच्या शिफारशी २००९ मध्ये आल्या, आमच्या संचाच्या काळातच. अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदींत एकाच शब्दाचा अर्थ सारखा आहे की नाही हे सांगता येत नव्हतं. मला तो रकाना हवा होता. मॅडम ठाम राहिल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

पडताळणी आणि पुढे

मॅडम आणि दुसरे एक हृदयरोगतज्ज्ञ यांनी त्याच नोंदी एकमेकांना न विचारता वाचून प्रत्येक रकान्यात आपापलं मूल्य भरलं. मतं किती जुळतात हे मोजायला भारित काप्पा वापरला. ही कोहेन यांची १९६८ ची पद्धत. सौम्य आणि मध्यम यांतली फारकत लहान, सौम्य आणि तीव्र यांतली मोठी, हे ती लक्षात घेते. पण ‘नॉर्मल’ आणि ‘दिसलं नाही’ यांच्यामध्ये अंतर कसलं मोजणार? ती एका शिडीवरच्या पायऱ्याच नाहीत. म्हणून खात्रीच्या रकान्याची जुळणी वेगळी काढली. दोघांचे मतभेद जास्त झाले ते तिथेच, आणि ते सगळे आम्ही समोरासमोर बसून सोडवले. ‘फिजिऑलॉजिक गळती’ म्हणजे शून्य की एक, यावरही बराच काथ्याकूट झाला. शेवटी तिला स्वतःचं वेगळं मूल्य दिलं. ज्याला एकत्र करायचं असेल त्याने करावं.

एक मोठी अडचण तक्त्याने सुटणारी नव्हती. इको सगळ्यांचा होत नाही. याच संचातल्या सेप्सिसच्या ६,३६१ रुग्णांवरचा २०१८ चा अभ्यास आहे. त्यातल्या साधारण निम्म्यांचाच छातीवरून इको झाला होता, आणि ज्यांचा झाला त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू कमी आढळले. इकोमुळे उपचार सुधारले, की इको होईपर्यंत जे जगले तेच त्या गटात आले, हे वेगळं काढायला त्या संशोधकांनाही बरीच सांख्यिकी खटपट करावी लागली. आमच्याकडे तर दोन गाळण्या होत्या: आधी इको झाला का, आणि झाला तर उजवी जवनिका दिसली का.

तेव्हा आम्ही प्रश्नच नव्याने लिहिला. ‘सेप्सिसच्या रुग्णांमध्ये’ याऐवजी ‘सेप्सिसच्या ज्या रुग्णांची उजवी जवनिका द्रव देण्याआधी पाहता आली त्यांच्यामध्ये’. वाक्य लांबलं, रुग्ण कमी झाले. न दिसलेल्यांना मात्र वगळलं नाही. त्यांचं वय, व्हेंटिलेटरचा दाब, औषधं, शेवट काय झाला, हे सगळं त्यांच्या स्वतःच्या रकान्यात मांडलं. त्या रकान्याला प्रोग्रामरने ‘माहिती उपलब्ध नाही’ असं शीर्षक दिलं होतं. मॅडमनी ते खोडलं आणि वर पेनाने लिहिलं: ‘तपासणी झाली, उजवी जवनिका दिसली नाही’.